डोहाळ्यांची अर्धी भाकरी

त्या दिवशी धुकं इतकं दाट होतं की दारासमोरचा ऊस दिसत नव्हता, आणि त्या धुक्यातून सकाळी आठ वाजता माझ्या सुनेचे डोहाळे छत्री मिटत आमच्या सोप्यात आले.

पन्नाशीचे, अंगाने भरलेले, डोक्यावर टोपी, काखेत कापडी पिशवी. मी पाणी दिलं. घरात बाई गरोदर असली की ते येतातच, त्यात नवल काही नाही. माझ्या बायकोच्या वेळचे काटकुळे होते. चिंच दिली की दिवसभर गप्प बसायचे, आणि आमचा धनाजी जन्मला तेव्हा आपणहून गेले. हे मात्र उशिरा आले होते. सुनेला सहावा लागला होता.

"वाटेत घरं फार होती," ते म्हणाले आणि पिशवीतून यादी काढली.

यादी त्यांनीच वाचली, मला वाचता येत नाही. गरम काकवी आणि भाकरी. पुरणपोळी, वर तूप. बासुंदी. ताज्या गुळाचा खडा, ढेपेच्या कडेचा. मी ऐकत राहिलो. चाळीस वर्षं मी गुऱ्हाळावर गुळव्या आहे, कढईतला पाक कधी उतरवायचा ते बुडबुडे बघून सांगतो. एरवी असले डोहाळे आपल्या दारात आले याचा मला मान वाटला असता. पण चारच दिवसांपूर्वी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी स्वप्नालीला गरोदरपणातली साखर निघाल्याचं सांगितलं होतं.

स्वप्नाली म्हणजे माझी सून. तिचं पहिलं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं. म्हणून या वेळी डॉक्टरीणबाईंनी दिलेला खाण्याचा कागद तिने स्वयंपाकघरात भिंतीला चिकटवला होता. दिवसातून चार वेळा ती बोटाला टोचून लहानशा यंत्रावर आकडा बघायची. उपाशीपोटी पंच्याण्णवच्या आत, जेवून दोन तासांनी एकशेवीसच्या आत. पंधरा दिवसांत आकडे उतरले नाहीत तर इन्सुलिन सुरू करायचं, असं ठरलं होतं.

"सुईला मी भीत नाही, मामा," ती मला म्हणाली होती. "लागली तर घेईन. पण माझ्याकडनं काय कमी पडायला नको."

आता ती हात पुसत बाहेर आली. "गोड काही मिळणार नाही," ती डोहाळ्यांना म्हणाली. "चालत असेल तर बसा."

"डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाचे कान फुटतात," ते शांतपणे म्हणाले. "तसा शेरा मला मारावा लागतो. माझा इलाज नाही."

"किती दिवसांत?"

"बाळंतपणापर्यंत."

"मग पुष्कळ वेळ आहे. बसा."

आमच्या शेजारच्या बायडाक्का कुंपणापाशी उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. स्वप्नाली आत गेल्यावर त्यांनी मला हाक मारली. "दादूभावजी, पोरीला कळत न्हाई. तिनं खाऊ नये, पर ह्या पावण्यास्नी खाऊ घालाया काय हुतंय? वाटीभर काकवी ती काय! उद्या पोराचं कान फुटलं म्हंजे?"

मला ते पटलं. दुसऱ्या दिवशी मी गुऱ्हाळावरून तांब्याभर काकवी आणली. स्वप्नाली न्हाणीघरात गेली तेवढ्यात डोहाळ्यांच्या पुढे ताट ठेवलं. त्यांनी चार भाकरी खाल्ल्या, तांब्यात बोट फिरवून शेवटचा थेंब घेतला आणि यादीवर बरोबरची खूण केली. माझ्या मनावरचं ओझं उतरलं.

जेवणानंतर दोन तासांनी स्वप्नालीने बोटाला टोचलं. एकशे शहाऐंशी. तिने अर्धी भाकरी, मटकीची उसळ आणि काकडी खाल्ली होती. तिने दुसरं बोट टोचलं. एकशे चौऱ्याऐंशी. मग ती चुलीपाशी बसली.

"माझं काय चुकलं, मामा?"

मी काकवीचं सांगून टाकलं. गुऱ्हाळावर एकदा माझ्या हातून कढई करपली होती, तेव्हा मालकासमोर उभा होतो तसाच उभा राहिलो.

ती उठली. सरळ सोप्यात गेली. डोहाळ्यांच्या मिशीला अजून काकवी होती.

"तुम्ही खाल्लेलं माझ्या रक्तात जातं?"

"अर्थात. त्याशिवाय पुरवले असं म्हणणार कसं?"

"हे काल का नाही सांगितलं?"

"कोणी विचारलं नाही."

स्वप्नालीने पदर खोचला. "मामा, आजपासून दोन ताटं. एक माझं, एक ह्यांचं. दोन्ही सारखी."

तेव्हापासून डोहाळ्यांना तिच्याइतकंच मिळू लागलं. अर्धी ज्वारीची भाकरी, मुगाची नाहीतर मटकीची उसळ, पालेभाजी नाहीतर दुधी, ताक. अकराला एक अंडं. चारला मूठभर फुटाणे. डोहाळ्यांनी दुसऱ्या दिवशी लेखी अर्ज दिला आणि स्वतःच वाचून दाखवला. अर्जदारास दुधीची सवय नाही, असा त्यातला मजकूर होता.

"लागेल," स्वप्नाली म्हणाली, आणि दुधी वाढला.

जेवण झालं की ती त्यांना घेऊन कालव्याच्या पुलापर्यंत चालत जायची आणि परत यायची. पहिल्या दिवशी ते पुलावरच बसले. मला तिथं बोलावणं आलं.

"मी बसून काम करणारा माणूस आहे," ते मला म्हणाले.

"तर! तोंड बघा," स्वप्नाली म्हणाली. "बसला तेवढं बास झालं. उठा. तुम्ही इथं बसलात की माझा आकडा तिथंच बसतो."

ते उठले. एकदा धनाजी कारखान्यातून पेढे घेऊन आला, त्याच्या दोस्ताला मुलगी झाली होती. डोहाळे ताडकन उभे राहिले. स्वप्नालीने नवऱ्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवला, आणि त्याने तो पुडा एसटी स्टँडवर वाटून टाकला. घरी आल्यावर हात धुऊन मगच आत आला. आकडे हळूहळू उतरत होते. एकशे एकसष्ट, एकशे बेचाळीस, एकशे अठ्ठावीस. पाकासारखंच आहे हे. घाई करून चालत नाही, आणि नजर हलवून पण चालत नाही.

कागद मिळाल्यापासून बाराव्या दिवशी सकाळी डोहाळे आपणहून बोलले. "आज मेथी नाही का?"

स्वप्नालीचा हात परातीत थांबला. "कुणाला पाहिजे?"

"मला."

त्यांनी पेन्सिल जिभेला लावली आणि यादीच्या खाली लिहिलं: मेथीची भाजी, सोबत अर्धी भाकरी. स्वप्नालीने गरम भाजी वाढली. त्यांनी सावकाश खाल्ली आणि पुढे खूण केली. मग वरची पुरणपोळी, बासुंदी, गूळ यांच्यावर एक रेघ मारली.

"असं चालतं?" मी विचारलं.

"मन बदललं तर यादी बदलते. नियम सहावा."

"आणि कान?"

"पुरवले म्हटल्यावर कानांचा प्रश्न येत नाही," ते म्हणाले. मी बाहेर जाऊन डोळे पुसले.

पंधराव्या दिवशी आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी वहीतले आकडे बोट ठेवून एकेक बघितले. शेवटचे तीन दिवस जेवणानंतरचा आकडा एकशेवीसच्या आत होता. मग पोटावर यंत्र फिरवून बाळ बघितलं. वजन महिन्याप्रमाणे होतं. ठोके व्यवस्थित होते. ते ठोके आम्हाला पण ऐकवले. स्वप्नाली छताकडे बघत पडून होती, तिने माझा हात घट्ट धरला होता.

"सध्या इन्सुलिन नको," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण हेच असंच चालू ठेवायचं. दोन आठवड्यांनी परत या. हे कोण?"

"डोहाळे," मी म्हणालो.

"यांचंही वजन उतरलेलं दिसतंय," त्या म्हणाल्या, आणि तेही कागदावर लिहिलं.

घरी येऊन त्या दोघांनी जेवण केलं. मी ताटं उचलेपर्यंत डोहाळे दारात चपला घालून उभे होते. स्वप्नाली आली आणि दोघं कालव्याकडे निघाले. ती पोटावर हात ठेवून पुढे, ते छत्री टेकत तिच्या मागोमाग. बायडाक्का कुंपणापाशी उभ्या राहून ती दोघं वळणाआड जाईपर्यंत बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "दादूभावजी, बाळंतपण झालं की त्यास्नी दोन-चार म्हयनं आमच्याकडं पाठवा. माझी साखर दोनशे ऐंशी हाय, आन् मला एकटीला चालाया लई कंटाळा येतो."