जेवणावळ पुढं ढकलायची न्हाय

आमचे शेजारी चौगुले अण्णा कोल्हापुरात बसून हातकणंगल्यातल्या माणसाला रिमोटसकट पकडतात. परवाच एका बाईंना फोनवर झापत होते, "ताई, जेवणावळ पुढं ढकललीसा न्हवं? उपाशीपोटी उभारून काढलीया मी!"

बाईंची बोबडी वळली असणार. आपल्या घरातला रिमोट यांना दिसला कसा?

तर त्याचं असं आहे. अण्णांनी जन्मभर लग्नांचं शूटिंग केलं. म्हातारपणी कपाटातल्या जुन्या कॅसेटी काढल्या, बुरशी पुसली, कॉम्प्युटरवर चढवल्या आणि स्वयंपाकघरात मिक्सरच्या जागी स्वतःचा सर्व्हर मांडला. आता लग्न नेसरीचं असो की नृसिंहवाडीचं, ज्याचं त्याला घरच्या टीव्हीवर बघता येतं. कोण काय बघतंय, कुठवर आलंय, हे अण्णांच्या पडद्यावर उमटतं आणि अण्णा लगेच फोन लावतात. पहिला प्रश्न ठरलेला. "अडकतंय का?" नाही म्हटलं की छाती फुगते. "अडकंल कसं? सर्व्हर कुणाचा हाय?"

खंडेनवमीला त्यांनी सर्व्हरला झेंडूची माळ घातली. पाकळ्या आतल्या पंख्यात गेल्या आणि नेसरीच्या एका जोडप्यामधला अंतरपाट दुपारभर हललाच नाही.

मी एकदा वैतागून म्हणालो, "अण्णा, पंगतीत बघायचं काय? माणसं जेवतात."

"मास्तर, लाईट कोण धरायचं?"

सुमनकाकी, म्हणजे अण्णांच्या पत्नी, धरायच्या. प्रत्येक लग्नात अण्णांच्या खांद्यामागं, हॅलोजन उंचावून. त्या जाऊन वर्ष झालं होतं आणि एवढ्या कॅसेटींत त्या कुठंच दिसल्या नव्हत्या.

"फोटो आहेत की."

"फोटोत ती गप बसलीया. ती गप बसणारी व्हती व्हय? पंगतीत कॅमेरा चौफेर फिरतोय, कुठंतरी चुकून आली आसंल. एकट्याच्यानं किती बघून हुणार? म्हणून सगळ्यास्नी सांगतोय, ढकलू नका."

त्यानंतर मीही इमानेइतबारे पंगती बघू लागलो. लोकांचे रुसलेले जावई, लोकांची जिलेबी. काकी काही दिसेनात. आणि काल संध्याकाळी गल्लीभर आरोळी घुमली, "घावली! मास्तर, घावली!"

त्याच हातकणंगल्याच्या बाईंचा फोन होता. झापून घेतल्यावर त्यांनी स्वतःच्या लग्नाची पंगत मुकाट्यानं पूर्ण पाहिली होती. अण्णांनी गल्लीतले सगळे टीव्ही लावायला लावले. सगळीकडे एकदम चाललं आणि कुठंही अडकलं नाही.

पंगतीत नवरीचे वडील आग्रह करताहेत. अचानक उजेड कलंडतो. अण्णांचा कॅमेरा चिडून मागं वळतो, तर काय, त्या गृहस्थांनी लाईटवालीच्याच तोंडात जिलेबी कोंबलेली! गाल फुगलेल्या काकी हसताहेत आणि ओरडताहेत, "अवो, मला काय काढताय? नवरीला काढा की!"

घराघरांतून टाळ्या पडल्या. माझी बायको रडत रडत हसत होती. अण्णा जिलेबीचा पुडा घेऊन दारोदार फिरले, निवडून आल्यासारखे.

मग गल्ली आपापल्या घरी जेवायला बसली. भिंतीपलीकडून मात्र काकींचं तेच वाक्य. पुन्हा तेच. पुन्हा तेच. सर्व्हर बिघडला की काय, म्हणून मी फोन लावला.

"अण्णा, अडकतंय का?"

"न्हाय हो मास्तर, झ्याक चाललंय," अण्णा म्हणाले. "मीच मागं घेतोय."