समोशाशिवाय संपर्क नाही

सत्यभामा निकम हिने श्रमसाफल्य सोसायटीतल्या चौदा घरांत समोशांची पाकिटं वाटली, ती काही दानशूरपणा म्हणून नव्हे. तिच्या फ्रिजमध्ये जागा नव्हती. दोन हजार वीसचा मे महिना होता. हॉटेलं बंद, विमानं बंद, लग्नं बंद. तुर्भ्याच्या एमआयडीसीतल्या ज्या कारखान्यात ती अकरा वर्षं समोशांच्या घड्या घालत होती, तिथलं शीतगृह मालाने छतापर्यंत भरलं होतं. एक दिवस मालकाने प्रत्येक कामगाराच्या हातात गोठवलेल्या समोशांचं एकेक पोतं दिलं, देताना फोटो काढून घेतला आणि आपण सगळे एकाच कुटुंबातले आहोत, असं सांगितलं. सत्यभामाच्या बर्फाच्या कप्प्यात दोन पाकिटं मावली. बाकीचं पोतं सानपाड्याच्या उकाड्यात फरशीवर घाम गाळू लागलं.

"वाटून टाक बिल्डिंगीत," तिचा नवरा नामा म्हणाला. तो वाशीच्या मार्केटात हमाल होता आणि मार्केट बंद असल्यामुळे आठवड्याभरापासून घरात सल्ले देत होता.

सोळा घरांपैकी एक तिचं आणि एकाला कुलूप. उरलेल्या चौदा घरांत त्या संध्याकाळी तेल तापलं. चेअरमन गोटीराम पाटील तिसऱ्या मजल्यावर राहायचे. त्यांच्या शेतावर शहर उभं राहिलं होतं आणि बदल्यात शहराने त्यांना हे चेअरमनपद दिलं होतं. त्यांची बायको गोजरा रात्र होण्याआधीच खाली आली.

"सत्यभामा, अजून दोन पाकिटं दे गो. आमचे ह्यांनी एकट्यांनी नव खाल्ले."

सेक्रेटरी हौसेराव मोहिते यांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाळ्यांची तीन चित्रं आणि 'निकम वहिनींचे आभार' असा मेसेज टाकला. अकरा वर्षांत सत्यभामाला आपल्या कामाबद्दल कुणी टाळ्या वाजवल्याचं आठवत नव्हतं. तिने तो मेसेज नामाला दोनदा वाचून दाखवला.

आठव्या दिवशी त्याच ग्रुपवर बातमी आली: तुर्भ्यातल्या समोसा कारखान्यात सव्वीस कामगारांना कोरोना.

सत्यभामाला ते आदल्या दिवशीच कळलं होतं. पहिली पडली ती रखमा, टेबलावर तिच्या शेजारी नऊ वर्षं कोपराला कोपर लावून उभी राहणारी. ताप अंगात घेऊनच ती तीन दिवस कामावर येत होती, कारण सुट्टी घेतली की खाडा पडायचा. मध्ये अंतर ठेवा असं वरून सांगणं आलं होतं, पण सुपरवायझर म्हणाला होता, "तीन-तीन फुटांवर बायका उभ्या केल्या तर समोसे काय भिंती वळणार?" मास्क मिळाले ते तपासणीला साहेब आले त्या सकाळी, आणि साहेब गेल्यावर ते परत गोळा करून घेतले. आता कारखान्याला सील लागलं होतं. रखमा वाशीच्या कोविड सेंटरमध्ये होती. सत्यभामाची महापालिकेने तपासणी केली आणि ती निगेटिव्ह निघाली.

तो कागद हातात घेऊन ती घरी आली, तर खाली आवारात सोसायटीची मीटिंग भरलेली. खडूने वर्तुळं आखून त्यात एकेक माणूस उभा केला होता. तिच्यासाठी वर्तुळ नव्हतं. ती गेटजवळच थांबली.

"रिपोर्ट निगेटिव्ह हाय माझा," ती म्हणाली आणि कागद वर धरला.

हौसेरावांनी लांबूनच मान तिरकी करून तो वाचला. "हा कालचा हाय वैनी. आजचा कुठाय?"

"रोज थोडाच काढत्यात?"

"तेच म्हंतोय मी. मग आजची गॅरंटी काय?"

गोटीराम पाटलांनी घसा साफ केला आणि घसा साफ केल्याबद्दल सगळे अर्धं पाऊल मागे सरकले. "मी काय सांगताव, ऐका. सव्वीस मानसांनी वललेले समोसे आपले बिल्डिंगीन आले. ज्यांनी ज्यांनी ते खाल्ले, त्या सगल्या घरांना चौदा दिवस कुलूप. मंग तो कोनी का असंना. बोला, कोनी कोनी खाल्ले?"

जो तो आपापल्या वर्तुळाच्या खडूच्या रेषेकडे पाहू लागला.

"आमी नाय खाल्ले," पहिल्या वर्तुळातून आवाज आला. "आमी वॉचमनला दिले."

"आमच्याकडं तळकट चालतच न्हाई."

"आमी कुत्र्यांना घातले."

"मी तर पाकीट दारातूनच कचऱ्यात टाकलं," हौसेराव म्हणाले. "मला पयल्यापासून डाऊट होता."

गोजराने पदर तोंडावर ओढला. "आमी ते खाडीन फेकले."

एकेक करत चौदा घरं निर्दोष सुटली. समोसे खाल्लेलं एकच घर उरलं, ते निकमांचं. बहुमताने ठराव झाला. संध्याकाळी हौसेरावांनी कुठूनसे दोन बांबू आणले आणि पहिल्या मजल्यावरच्या तिच्या दारावर आडवे बांधले. बांधताना ते आतल्या नामाला म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नकोस, गाववाले. सगळ्यांच्या भल्याचं हाय." दोघेही पाटण तालुक्यातले होते.

त्यानंतर दूधवाला तिचं दार टाळू लागला. भाजीची पिशवी दोरीने खिडकीतून वर ओढावी लागे आणि पिशवी वर जाताना खालच्या मजल्यावरची माणसं आपली खिडकी लावून घेत. कारखान्यात किती माणसं आजारी आहेत, त्यांचं काय झालं, हे मात्र चौदा घरांतून एकानेही विचारलं नाही. विचारलं गेलं ते एवढंच, की पाकिटावरच्या तारखा काय होत्या.

तिसऱ्या दिवशी रखमाचा फोन आला. ताप उतरला होता, पण सेंटरमधून सोडल्यावर जायचं कुठे, हा प्रश्न होता. तुर्भे स्टोअर वस्तीतल्या खोलीच्या मालकाने तिची ट्रंक रस्त्यावर आणून ठेवली होती.

"सत्यभामे, चार दिवस तुज्याकडं येऊ का? कोपऱ्यात पडून ऱ्हाईन. गावाकडं जायाला गाडी मिळाली की जाते."

"अगं, माझ्याच दाराला बांबू हायेत," सत्यभामा म्हणाली. "मला बाहेर पडता येत न्हाय, तुला आत कशी घेऊ?"

"व्हय का," रखमा म्हणाली. "मग ऱ्हाऊ दे."

फोन ठेवल्यावर सत्यभामा बराच वेळ दाराच्या फटीतून त्या बांबूंकडे बघत राहिली. खोटं ती काहीच बोलली नव्हती. पण बांबू होते म्हणून बरं झालं, असं क्षणभर मनात येऊन गेलं, आणि ते तिला स्वतःलाच आवडलं नाही. रखमा दोन दिवसांनी कांद्याच्या रिकाम्या ट्रकमधून गावाला गेल्याचं तिला दुसऱ्याच कुणाकडून कळलं.

त्याच आठवड्यात महापालिकेच्या आरोग्य केंद्रातून स्नेहल नावाची नर्स फॉर्म भरायला आली. निळ्या प्लास्टिकच्या अंगरख्यात ती घामाने भिजून गेली होती. बांबूपलीकडे उभी राहून तिने विचारलं, "मावशी, बिल्डिंगमध्ये अजून कुणाचा कारखान्याशी संबंध आला? माल, डबा, काहीही?"

"समोशातून हा रोग येतो का, ताई?"

"नाही हो. उकळत्या तेलातून कसला येतोय! माणसं माणसांना देतात. पण फॉर्ममध्ये रकाना आहे ना. त्यात नाव लिहिलं की टेस्ट करायची आणि घर बंद करायचं."

सत्यभामाने जिन्याकडे पाहिलं. वरच्या कठड्यावरून सात-आठ डोकी वाकली होती. गोटीराम पाटील सगळ्यांत पुढे. प्रत्येकाचे हात जोडलेले होते. गोजराने तर डोळे मिटून घेतले होते.

"समोसे दिले होते मी," सत्यभामा म्हणाली, "पण कुणी खाल्ले न्हाईत. सगळ्यांनी फेकून दिले. मीटिंगमधी सांगितलंय सगळ्यांनी."

स्नेहलने रकान्यात 'निरंक' लिहिलं. वरची डोकी मागे झाली. खाली येऊन आभार मानायला कुणाला सवड झाली नाही.

पाच दिवसांनी गोजराला ताप भरला. दोन दिवस पाटलांनी तो चेअरमनच्या अधिकारात दाबून ठेवला. तिसऱ्या दिवशी ती बसल्या जागी धापा टाकू लागली, तेव्हा ते तिला रिक्षात घालून बाहेर पडले आणि चार तासांनी तसेच परत आले. हॉस्पिटल म्हणालं, रिपोर्टशिवाय खाट नाही. टेस्टवाले म्हणाले, संपर्काशिवाय टेस्ट नाही. कागदावर तर निरंक होतं, आणि सांगायला गेलं, तर समोशाशिवाय त्यांचा कुणाशीही संपर्क नव्हता.

तीन मजले खाली-वर करून थकलेले गोटीराम पाटील निकमांच्या दाराशी आले आणि बांबूवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. याच बांबूला हात लावणाऱ्याला दंड करायचा, असं त्यांनीच जाहीर केलं होतं.

"सत्यभामा, त्या नर्सबायला फोन कर. सांग, आमी खाल्ले म्हनून."

"तुमी तर खाडीत फेकले होते."

"फेकले नव्हते गो. तिचा श्वास लागलाय. तुजे पाया पडतंव."

सत्यभामाने फोन लावला. स्नेहल तासाभरात आली. जिन्यात उभं राहून पाटलांनी सगळ्या बिल्डिंगीसमक्ष कबुली दिली. "आमचे बायकोला ताप हाय. आमचे घरान तीन पाकिटं खाल्ली. मी पयल्याच दिवशी नव खाल्ले. लिवा."

चेअरमनच्या घरात ताप आहे, हे बिल्डिंगीला कळलं ते असं. त्याच क्षणी सगळ्यांच्या घशात खवखवू लागलं, आणि टेस्ट कशी मिळते हेही आता कळलं होतं. दारं धडाधड उघडली.

"आमी बी खाल्ले! आमचं बी नाव घ्या!"

"आमी सहा जनांनी खाल्ले, चटणीबरोबर!"

"तुमी तर कुत्र्यांना घातले होते?" नामा आतून म्हणाला.

"उरलेले घातले!"

हौसेराव दोन-दोन पायऱ्या गाळत खाली आले. "सिस्टर, मी सोळा खाल्ले. कच्चेसुद्धा खाल्ले एकदोन."

स्नेहलने पेन थांबवलं. अंगरख्याच्या आतून तिचा आवाज चिडका झाला. "मग गेल्या वेळी इथं निरंक कसं लिहिलं गेलं? ही माहिती लपवली कुणी?"

मग हौसेरावांनीच बोट दाखवलं. "निकम वैनींनी. त्यांनीच तुमाला सांगितलं, कुणी खाल्ले न्हाईत म्हणून."

"बरोबर हाय," वरून कुणीतरी म्हणालं. "आमाला तर कुणी विचारलंच न्हाई."

सत्यभामाने पाटलांकडे पाहिलं. पाटील जिन्याच्या कोपऱ्यातल्या जळमटाकडे बघत होते. स्नेहलने सत्यभामाला सुनावलं, की साथीच्या दिवसांत माहिती दडवणं हा गुन्हा आहे, पोलीस केस होऊ शकते, शिकल्या-सवरल्या बायकांनी तरी असं करू नये. सत्यभामा सातवी पास होती. ती म्हणाली, "चुकलं ताई," आणि दार लावून घेतलं.

रिपोर्ट आले. गोजरा पॉझिटिव्ह, पाटील पॉझिटिव्ह, बाकी अख्खी बिल्डिंग निगेटिव्ह, सोळा समोसे खाणारे हौसेरावसुद्धा. स्नेहलने खोदून खोदून विचारलं, तेव्हा पाटलांनी ॲम्ब्युलन्समध्ये चढता चढता सांगून टाकलं. आठवड्यापूर्वी पुतण्याची, धनेशची हळद होती. पत्र्याचं गेट आतून लावून, बेंजो न लावता, फक्त दोनशे माणसांत उरकलेली.

निकमांच्या दारावरचे बांबू सोडून ते पाटलांच्या दारावर बांधले गेले. बांधताना हौसेराव सत्यभामाला म्हणाले, "मला पयल्यापासून डाऊट होता, वैनी. समोशात काय असतंय?" ग्रुपवर कुणीतरी हळदीला गेलेल्यांची यादी मागितली आणि पाटलांचं चेअरमनपद काढून घ्यायचा विषय निघाला. सत्यभामाची माफी मागायचा विषय निघाला नाही, पण दूधवाला पुन्हा बेल वाजवू लागला.

बाराव्या दिवशी गोजराला घरी सोडलं. पाटील अजून सेंटरमध्येच होते, त्यामुळे ती एकटीच येणार होती. सत्यभामाला हे सकाळीच कळलं आणि तेव्हापासून ती मनात वाक्यं जुळवत होती. बिल्डिंगीने आपल्याशी जे केलं, ते आपण करायचं नाही. सगळ्यांची दारं बंद असतील तेव्हा आपलं एकटीचं उघडं असेल. "या मावशी, बसा. आधी च्या घ्या," असं म्हणायचं, आणि मागचं एका अक्षराने काढायचं नाही. न काढल्यामुळे ते गोजराला जास्त लागेल, असाही एक हिशेब त्यात होता. तिने चहाचं आधण ठेवलं, दार सताड उघडलं आणि पायपुसणं झटकून सरळ केलं.

खाली ॲम्ब्युलन्सचं दार वाजलं. गोजराची पावलं जिन्यावर आली. चार पायऱ्या, मग थांबणं, मग चार पायऱ्या. ती वर येत होती तशा तळमजल्यावरच्या कड्या लागल्याचे आवाज येत होते, एक, दोन, तीन, चार. सत्यभामा मनात म्हणाली, बघा ही माणसं.

मग गोजरा खोकली. कोरडा, लांबलेला खोकला. जिन्यात घुमत तो पहिल्या मजल्यावर आला.

दार कधी लोटलं आणि कडी कधी लावली, हे सत्यभामाला कळलंच नाही. कळलं तेव्हा ती दाराला पाठ लावून उभी होती, पदर नाकावर दाबलेला, आणि कडीवर हात होता तो तिचाच होता.

पावलं दाराबाहेर थांबली. बराच वेळ नुसता धापांचा आवाज.

"सत्यभामा," बाहेरून गोजराने हाक मारली, "हायस का गो घरान? जरा पानी दे. वर चढवत नाय."

स्वयंपाकघरात चहा उतू गेला. नामा आतून ओरडला, "आगं, दारात कोण हाय?"

सत्यभामाने कडीवरचा हात काढला नाही.

"कुणी न्हाय," ती हळूच म्हणाली.