घरचं ते खाजगी

आमच्या शेजारचे शंकरराव पोवार कुठल्याही प्रश्नाला एकदम उत्तर देत नसत. आधी प्रश्न परत म्हणून दाखवत. "शंकरराव, चहा घेणार?" असं मी विचारलं की म्हणत, "चहा घेणार का, असं इचारलंसा. घेतो की." नवा माणूस गोंधळून जाई. आम्हाला ठाऊक होतं, हा नोकरीचा परिणाम.

ते वायरलेस ऑपरेटर होते. राधानगरीच्या धरणावरून पाण्याची बातमी यायची, ती परत म्हणून पक्की करायची आणि पुढे पाठवायची, हे त्यांचं काम. नातवंडांनो, तुमच्याकडे तिकडे घरोघरी टेलिफोन आहेत. आमच्या गल्लीत एकच होता, किराणा दुकानात, आणि पावसाळ्यात तो बहुधा मुकाच असे. म्हणून पावसाळाभर खात्याचा एक सेट शंकररावांच्या घरी असायचा. पाणी चढलं तर त्यावर त्यांना बोलावणं येई. एरवी ड्यूटी संपल्यावर त्यावर बोलायचं नाही. माणसाच्या जिवाला धोका असेल तरच बोलायचं, असा नियम होता. शंकररावांना तो आरतीसारखा पाठ होता.

गल्लीला मात्र तो फुकटचा टेलिफोन वाटे. एकदा दूधवाला तुकाराम आला.

"मामा, राधानगरीला माझ्या भावाला निरोप द्या की. म्हस इकू नगं म्हणावं."

"म्हस इकू नगं म्हणावं, असं म्हणलास. म्हशीच्या जिवाला धोका हाय?"

"न्हाय."

"भावाच्या?"

"मी तितं पोचलो तर हाय."

"मग पोचलास की कळीव. बघू."

पण गल्लीतल्या म्हाताऱ्या तांबटाला साप चावला, तेव्हा हेच शंकरराव जेवणावरून उठले आणि उष्ट्या हातानं बटण दाबून मोकळे झाले. जीप आली, तांबट वाचला.

त्यांच्या बायकोची, म्हणजे आमच्या पोवारवहिनींची, तक्रार वेगळीच होती. "बाई, ह्यांच्यासंगं भांडताच येत न्हाय. मी बोललेलं समदं मलाच परत ऐकवत्यात, आणि ऐकून माझी मलाच लाज वाटती."

एका पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं आणि नेमका त्याच दुपारी वहिनींना दम्याचा झटका आला. ओठ निळे पडले. दुकानातला फोन बंद, रिक्षावाले पाण्यात यायला तयार नाहीत. मी धावत गेले, तर शंकरराव सेटसमोर नुसते बसलेले.

"बोला की," मी म्हटलं.

"बोला की, असं म्हणतायसा. पण बाई, हे घरचं हाय. घरचं ते खाजगी. खाजगी बोलायला मनाई हाय."

मी त्यांना नियम म्हणायला लावला. 'माणसाच्या जिवाला' इथवर ते आले तशी मी थांबवलं. "कुणाच्या माणसाच्या, असं आहे का त्यात?"

"कुणाच्या माणसाच्या, असं हाय का…" त्यांनी नियम ओठातल्या ओठात पुन्हा म्हणून पाहिला. "न्हाय," ते म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं.

पत्ता, आजार, पाणी कुठवर आलंय, सगळं खणखणीत सांगितलं. मग पलीकडून प्रश्न आला, "पेशंटचं नाव?"

शंकररावांनी हा प्रश्न परत म्हणूनसुद्धा दाखवला नाही. आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नसे, हे तुम्ही ऐकलं असेल. पुष्कळ नवरेही बायकोचं घेत नसत. या घरात एवढी वर्षं 'अवो' आणि 'आईक की' एवढ्यावरच संसार चालला होता. मी नाव सांगायला पुढे झाले, तर त्यांनी हातानं अडवलं. सेटवर ऑपरेटरनंच बोलायचं.

"पेशंटचं नाव सांगा."

"इंदुमती," ते हळूच म्हणाले.

"खरखर येतेय. मोठ्यानं सांगा."

"इंदुमती. इंदुमती शंकर पोवार. माझी मंडळी हाय. लवकर या."

जीप आली. वहिनी वाचल्या. शंकरराव दुसऱ्या दिवशी स्वतःहून साहेबांपुढे उभे राहिले, तेव्हा साहेबांनी 'नियमातच आहे' म्हणून त्यांना दवाखान्यात परत पाठवलं.

मी भेटायला गेले तेव्हा ते औषधं आणायला गेले होते. वहिनी उशीला टेकून बसल्या होत्या.

"बाई, मला वाटायचं, ह्यास्नी माझं नाव ठावंच न्हाय." मग त्यांनी विचारलं, "त्या सेटावरनं समद्या जिल्ह्यानं ऐकलं असंल, न्हवं?"

"ऐकलं असणार," मी म्हटलं.

त्यांनी पदर सारखा केला.

"ऐकू दे की," त्या म्हणाल्या.