मडक्यातला हॉटस्पॉट

“इस्राएलच काय सामाजीदादा, चंद्रावर बारसं असलं तरी दाखवीन तुम्हाला!”

हैबतरावांनी हे वाक्य सामाजींच्या ओटीवर बसून, बशीतला चहा फुंकता फुंकता टाकलं. सदऱ्याच्या खिशात पेणहून आणलेला नवाकोरा मोबाईल होता. खिसा शिंप्याकडून मुद्दाम उथळ करून घेतलेला. मोबाईल निम्मा बाहेर दिसला नाही तर तो घेऊन उपयोग काय! निडी स्टेशनापासून आत वळलं की हे गाव लागतं. गावात भात पिकतं, वाल पिकतो, हैबतरावांच्या सिमकार्डाची रेंज मात्र पिकत नाही. फोन कसाबसा लागतो, नेटच्या नावानं आनंद. अशा गावात महागडा मोबाईल घेणं म्हणजे टकल्यानं कंगवा घेणं, असं त्यांची बायको शकू म्हणाली होती. हैबतरावांनी तिकडे लक्ष दिलं नव्हतं. बायकोच्या बोलण्याकडे लक्ष द्यायचं नाही, ही त्यांची जुनी शिस्त होती.

सामाजी आणि हन्नाबाई यांचं घर म्हणजे गावातलं शेवटचं ज्यू घर. बाकीची घरं एकेक करून इस्राएलला गेली. मुलगा डॅनियलही गेला. हे दोघं मात्र “तिकडं आपल्यासारखा वाल मिळत नाय” या एका कारणावर इथेच राहिले. आता तिकडे डॅनियलला मुलगा झाला होता. पहिला नातू! त्यांच्यात आठव्या दिवशी विधी असतो, आणि मुलाचं नाव त्या विधीतच सगळ्यांसमोर पुकारतात. तोवर बाप कुणाला पत्ता लागू देत नाही. डॅनियलनं मागच्या खेपेला आईबापांसाठी टॅब आणून ठेवला होता, पण त्यात सिमकार्ड नव्हतं, आणि सामाजींचा फोन पडला बटणांचा.

“नंतर फोनवर कळंल हो नाव,” हन्नाबाई म्हणाल्या. “पण सगळ्यांसंगती, त्याच वेळी ऐकायला मिळालं असतं तर…” आणि त्यांनी पदर डोळ्याला लावला.

“ऐकायचं? वयनी, बघायचं!” हैबतरावांनी बशी खाली ठेवली. “माझ्या मोबाईलातलं नेट हवेतनं तुमच्या टॅबात! वायर नाय, खांब नाय. हॉटस्पॉट म्हणतात त्याला.”

“आनि तुमचं संपलं म्हंजे?”

“संपायला ते काय तेल हाय?” हैबतराव हसले. शेजाऱ्याला एवढंही कळू नये याची त्यांना मनापासून दया आली.

दुसऱ्याच दिवशी चाचणी झाली. हैबतरावांच्या मोबाईलला अख्ख्या गावात एकाच ठिकाणी नेट मिळे. सामाजींच्या परसाला लागून हैबतरावांचं शेत होतं, आणि त्याच्या बांधावरच्या आंब्याला माणूसभर उंचीवर एक बेचकं होतं. तीच ती जागा. मोबाईल तिथे ठेवला की खाली परसातला टॅब झकास चालायचा. पण थोड्या वेळानं मोबाईल असा तापे की हात लावताना हैबतराव “आई आई” करत. शिवाय आंब्यावर माकडं.

हैबतरावांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी शोध जाहीर केला.

“माठातलं पाणी गार राहतं का नाय? मग माठातला मोबाईल गार राहणार! साधं सायन्स हाय.”

त्यांनी एक मडकं घेतलं. आपटून काच फुटू नये म्हणून आत भांबुर्ड्याच्या पाल्याची गादी केली, हॉटस्पॉट चालू करून मोबाईल तिच्यावर निजवला आणि ऊन लागू नये म्हणून वरून पुन्हा पाला पांघरला. मडकं शिंक्यात घालून बेचक्याला टांगलं. बांधावर भांबुर्डा हवा तेवढा उगवतो, त्याचा असा उपयोग त्रिभुवनात कुणाला सुचला नव्हता. चाचणी पार पडली, मोबाईल गार राहिला, आणि हैबतराव येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून पासवर्डसकट सगळी हकीकत सांगू लागले.

विधीचा दिवस उजाडला. तिकडची दुपार म्हणजे आपल्याकडची उतरती उन्हं. नाव पुकारलं की मडक्यात शेंगा भाजून आनंदाची पोपटी करायची, असं हैबतरावांनी ठरवून टाकलं होतं. वालाच्या शेंगा नुकत्या भरल्या होत्या, पोपटीचाच हंगाम! सामाजींना त्यांच्या पद्धतीनं कापलेलीच कोंबडी चालते, म्हणून आजची पोपटी बिनकोंबडीची. नुसत्या शेंगा, बटाटे आणि अंडी. हे काम त्यांनी पेणच्या रामवाडीत राहणाऱ्या भाच्याला, सुशीलला, सांगितलं होतं. “तू शेंगा घेऊन ये, मडक्याचं मी बघतो,” एवढंच फोनवर बोलणं झालेलं.

सुशील पोचला तेव्हा सगळे सामाजींच्या परसात खुर्चीवरच्या टॅबसमोर बसले होते. हैबतरावांची पुतणी मनाली बटणं दाबत होती, हन्नाबाई लग्नातलं लुगडं नेसल्या होत्या आणि सामाजी सारखी टोपी नीट करत होते. टॅबात डॅनियल दिसला, त्याच्यामागे पाहुण्यांची गर्दी दिसली, आणि हैबतराव “कसं? दिसतंय ना? स्पष्ट ना?” असं इतक्यांदा विचारत होते की डॅनियलचं बोलणं कुणाला ऐकू येईना. अशा वेळी मामाला हाक मारायची सुशीलला भीती वाटली. तो मागच्या मागे शेतात गेला आणि मडकं शोधू लागला.

मडकं त्याला आंब्याला टांगलेलं दिसलं. आत डोकावला, तर भांबुर्डासुद्धा घातलेला!

“मामा म्हणजे मामा,” सुशील स्वतःशीच म्हणाला. “अर्धं काम करून ठेवलंय!”

आता पोपटी करणाऱ्या माणसाला विचारा. मडक्याच्या तळाशी भांबुर्डा दिसला की त्यावर शेंगा ओतायच्या, दुसरं काही त्याच्या डोक्यात येतच नाही. सुशीलनं शेंगा ओतल्या, मीठ-ओवा भुरभुरला, बटाटे-अंडी ठेवली, तोंडाशी आणखी पाला कोंबला आणि शेतातल्या मोकळ्या जागी मडकं जमिनीवर उलटं घातलं.

इकडे टॅबात डॅनियलचं तोंड उघडं राहिलं ते उघडंच राहिलं.

“अडकला गो!” हन्नाबाई ओरडल्या.

“कोण तरी माझं नेट ओढतोय!” हैबतराव ताडकन उठले. पासवर्ड त्यांनीच गावभर वाटला होता, हे त्यांना आत्ता आठवलं. “मोबाईल बंद करा सगळे! सामाजीदादा, तुमचा पण!”

“माझा बटनांचा हाय रे.”

“तरी बंद करा!”

आणि ते गल्लीत धावले. पहिल्या घरात काशीबाई देवाचं काहीतरी ऐकत बसल्या होत्या.

“काशीवयनी, बंद करा! इस्राएलचं काम अडलंय!”

“इस्राएलचं? माझ्यामुळं?” काशीबाईंनी घाबरून हातातला रेडिओ बंद केला. पुढच्या घरात जनूच्या हातून मोबाईल हिसकावला, तर तो हिशेबाचा कॅल्क्युलेटर निघाला. तिसऱ्या घरी कुत्रं अंगावर आलं. तरी हैबतराव हटले नाहीत. सबंध आळी त्यांनी गप्प करून सोडली आणि घामाघूम होऊन परसात परतले, तो काय! टॅबात चित्र आरशासारखं लख्ख! डॅनियल हलतोय, बाळ रडतंय, पांढऱ्या दाढीचे एक आजोबा हातात पेला धरून काहीतरी म्हणतायत.

“बघा!” हैबतरावांची छाती फुगली. “चोर पकडला म्हणून चाललं!”

“काका, तसं नाय, ते मी काकूंचा—” मनाली सांगू लागली.

“गप बस. मोठी माणसं बोलतायत.”

शकू खुर्चीच्या बाजूला पाटावर शांतपणे बसली होती.

एवढं यश मिळाल्यावर मोबाईलला शाबासकी द्यावी, म्हणून हैबतराव आंब्यापाशी गेले. शिंकं रिकामं!

“माकडानं नेला!” त्यांचा आवाज चिरकला. मग लगेच डोकं चाललं. हैबतरावांचं डोकं नेहमीच चाले, प्रश्न फक्त दिशेचा असे. “पण नेट चालू हाय! म्हंजे मोबाईल हितंच हाय! मनाली, रिंग दे मला!”

मनालीनं कपाळावर हात मारून घेतला, पण रिंग दिली.

शेतात सुशीलनं नुकताच पेंढा पेटवला होता. मडक्याभोवती जाळ चांगला धरला होता. आणि त्या जाळाच्या पोटातून आवाज आला, “कुकूऽऽच कू!”

हैबतरावांची रिंगटोन कोंबड्याची होती.

सुशील दोन पावलं मागे उडाला. “मामा, देवाशप्पथ! कोंबडा मी घातला नाय! बिनकोंबडीचीच हाय!”

“कुकूऽऽच कू!”

हैबतराव पोपटीकडे बघत राहिले. मडकं, भांबुर्डा, शिंकं, एकेक गोष्ट त्यांच्या डोक्यात जागच्या जागी बसली, आणि त्यांनी असा हंबरडा फोडला की इस्राएलमधल्या पाहुण्यांनी सुद्धा इकडेतिकडे पाहिलं. सुशीलनं काठी उचलली. एका फटक्यात जाळ बाजूला करायचा, की मडकं मोकळं!

तेवढ्यात टॅबातून डॅनियलचा आवाज आला. “आई, बाबा, आता लक्ष द्या. नाव पुकारतायत.”

हन्नाबाई अर्ध्या उठल्या होत्या. त्यांनी पोपटीकडे पाहिलं, हैबतरावांकडे पाहिलं. त्या काही मागणार नव्हत्या. शेजाऱ्याचा एवढा महागाचा मोबाईल डोळ्यांसमोर जळत असताना कसं मागणार? त्या नुसत्या लुगड्याचा काठ मुठीत धरून उभ्या राहिल्या.

हैबतरावांनी एकदा जाळाकडे बघितलं आणि एकदा हन्नाबाईंच्या मुठीकडे.

“सुश्या! हात लावू नकोस मडक्याला!”

“मामा, मोबाईल जळंल!”

“जळू दे! मडकं हललं आनि नेट गेलं तर? नाव झाल्याबिगर मडक्याला कोन हात लावायचा नाय!”

“काका, अहो पण ते नेट—” मनालीनं पुन्हा तोंड उघडलं. शकूनं तिचा हात दाबला.

कोंबडा शेवटचा आरवला, त्याचा सूर मधेच ओघळला आणि बंद झाला. हैबतरावांनी डोळे मिटून घेतले. पांढऱ्या दाढीच्या आजोबांनी पेला वर केला, बाळाच्या ओठांना काहीतरी लावलं आणि मोठ्यानं नाव पुकारलं. एलियाहू!

सामाजी उठून उभे राहिले. “एलोजी,” ते म्हणाले. “म्हंजे आपला एलोजीच की गो. माझ्या बापाचं नाव ठेवलंन!” आणि टोपी काढून, पुन्हा घालून, ते लहान पोरासारखे रडायला लागले. हन्नाबाईंनी टॅबावरूनच नातवाची दृष्ट काढली. हैबतरावांच्या डोळ्यांतही पाणी होतं, त्यातलं किती एलोजीचं आणि किती मोबाईलचं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

पोपटी मात्र अप्रतिम झाली. मोबाईल एका बटाट्याला चिकटून निघाला.

त्यानंतर हैबतरावांना आकाश ठेंगणं झालं. मोबाईल गेला त्याचं दुःख दोन दिवस, अभिमान मात्र मावेना. “जाळात होता, तरी नेट सोडलंन नाय! आगीत जास्त पळतं नेट!” गिरणीत, स्टेशनावर, सोसायटीच्या कट्ट्यावर ते हीच कथा सांगत, आणि नवल म्हणजे लोक मधे बोलत नसत. उलट मन लावून ऐकत, “मग पुढं?” विचारत, काहीजण तर पुन्हा सांगा म्हणत. एरवी त्यांना टाळणारा जनू तर पाहुण्यांना मुद्दाम घेऊन येई.

आठवड्याभरानं शकूला घेऊन ते रोह्याला मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्यानं मागचं झाकण उघडलं आणि ओव्याचा घमघमाट सुटला.

“काका, पाण्यात पडलेले येतात, गाडीखाली गेलेले येतात,” तो म्हणाला. “शिजलेला पहिलाच. याचं आता काय होणार नाय.”

“व्हायलाच नको!” हैबतरावांनी दुकानातल्या सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं सांगितलं. “पोराचं नाव होईपर्यंत टिकला, त्याचा जल्म सार्थकी लागला!” आणि मोबाईल फडक्यात बांधून, ताठ मानेनं ते स्टँडवर येऊन बसले.

शकू त्यांच्या शेजारी टेकली. मग म्हणाली, “एक सांगू? रागवू नका. ते नेट माझं होतं.”

“कसलं नेट?”

“टॅबातलं. तुम्ही आळीत भांडत होतात ना, तवा मनालीनं माझ्या मोबाईलचा हॉटस्पॉट लावलान. माझ्या कंपनीची रेंज आपल्या मोरीत सुद्धा येते.”

हैबतरावांचं तोंड उघडं राहिलं. “मग… मग आधी बोलली का नायस?”

“तुम्ही कधी इचारलंत?”

“आनि मोबाईल जळत होता तवा तरी?”

“तवा तुम्ही ‘जळू दे’ म्हनालात.” शकू त्यांच्याकडे वळली. तिच्या आवाजात थट्टा नव्हती. “दुसऱ्यासाठी आपली वस्तू सोडताना मी तुम्हाला पहिल्यांदा बघितलं हो. मला अभिमान वाटला. मधे कशाला बोलू?”

बायको अभिमान वाटला म्हणते, हे सुख मोठं होतं. हैबतरावांनी घसा साफ केला, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, “बरं. पन हे गावात कोनाला कळता कामा नये.”

“मी नाय कुनाला सांगितलं,” शकू म्हणाली. “मनालीनं त्याच संध्याकाळी गावाच्या ग्रुपवर टाकलान. सगळ्यांनी वाचलंय. तुमचाच मोबाईल तेवढा बंद होता.”