चारशे मेगाबिटची स्कूटर

"पंधरा मिनिटं. फार तर सोळा," असं जाहीर करून बाईंनी पेनाला टोपण लावलं आणि त्या घरात वाद घालायची सोय उरली नाही. बाई गणिताच्या निवृत्त शिक्षिका. त्यांनी काढलेलं उत्तर तपासून बघण्याची हिंमत त्यांच्या मुलालाही कधी झाली नव्हती, मग सुनेची काय कथा!

सुनेचा माहितीपट संध्याकाळी पाचच्या आत स्पर्धेच्या ऑफिसात पोचायला हवा होता. दीपगृहं सांभाळणाऱ्या माणसांवरच्या या माहितीपटापायी तिने नोकरी सोडली होती, आणि "मग सध्या काय करतेस?" असं विचारणाऱ्या नातेवाइकांपुढे तीन वर्षं हसून हसून तिचे गाल दुखायला लागले होते. फाइल नव्वद गिगाबाइटची, घरची इंटरनेटची लाइन शंभरची. बाईंनी नव्वद हजारांना शंभराने भागलं, नऊशे सेकंद आले. त्या भरवशावर सून चार वाजेपर्यंत शेवटच्या प्रसंगातला लाटांचा आवाज वरखाली करत बसली.

चार वाजता तिने बटण दाबलं आणि तिचा चेहराच उतरला.

"आई, हे दोन तास म्हणतंय."

"काहीतरीच! कोणीतरी लाइन खात असणार," म्हणत बाई तडक मुलाच्या खोलीत शिरल्या. "बंद कर ते."

"अगं आई, साहेबांशी मीटिंग चालू आहे!"

"चुलीत गेली मीटिंग!"

मीटिंग बंद झाली, टीव्ही बंद झाला, घरातले सगळे फोन बंद झाले. बाईंनी खबरदारी म्हणून फ्रिजही बंद केला. दोन तास काही हलेनात. रिकामटेकडा झालेला मुलगा बाईंचा कागद उचलून बघत राहिला, मग चाचरत म्हणाला, "आई, शंभर काय? लाइन शंभर मेगाबिटची आहे. तू मेगाबाइट धरलेस. आठ बिटांचा एक बाइट होतो."

उत्तरापुढे एकक लिहिलं नाही म्हणून बाईंनी आयुष्यभर पोरांचे मार्क कापले होते. आणि त्यांच्याच कागदावर नुसता शंभर उघडाबोडका उभा होता. सुनेचे डोळे भरून आले. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी पुन्हा पेनाचं टोपण काढलं.

"फाइलची दुसरी प्रत आहे?"

"या डिस्कमध्ये आहे. का?"

"हातोहात नेऊन दिली तर घेतात?"

"घेतात, पण हल्ली नेतं कोण?"

"स्कूटरवर किती वेळ?"

"अर्धा तास."

"म्हणजे अठराशे सेकंदांत नव्वद हजार मेगाबाइट. सेकंदाला पन्नास मेगाबाइट. गुणिले आठ..." बाई ताडकन उठल्या. "चारशे मेगाबिट! तुझी स्कूटर घरच्या तारेच्या चौपट आहे. ऊठ!"

सून भन्नाट चालवते म्हणून बाई आजवर त्या स्कूटरवर कधी बसल्या नव्हत्या. आज मात्र डिस्क पोटाशी धरून त्या मागे बसल्या आणि डोळे गच्च मिटून "अजून दाब!" म्हणत राहिल्या. मोठ्या चौकात सिग्नलने अडवलंच.

"आई, आता आपला वेग शून्य!"

"सरासरी काढायची असते गं. तासभर लागला तरी दोनशे मेगाबिट पडतात."

"तासभर लागला तर पाच वाजून जातील!"

"मग बोलतेस काय? हिरवा झाला बघ!"

स्पर्धेच्या ऑफिसात टेबलावरचे फोन थांबायचं नाव घेत नव्हते. घरोघरी अडकलेले स्पर्धक आपापल्या अपलोडची टक्केवारी सांगून रडत होते. "पाचनंतर काही घेता येणार नाही हो," असं प्रत्येकाला समजावून कारकून मेटाकुटीला आला होता. हातात डिस्क घेऊन आलेल्या दोन बायका बघून त्याला पहिल्यांदा विश्वासच बसेना. त्याने डिस्क जोडली, पडद्यावर दीपगृह उजळलं, लाटांचा आवाज खोलीभर झाला. पाचाला पाच कमी असताना त्याने पोच लिहायला घेतली.

"दिग्दर्शक कोण?"

"ही!" बाईंनी सुनेला पुढे ढकललं. तिला हसावं की रडावं ते कळत नव्हतं, म्हणून ती दोन्ही करत होती.

"आणि आपण?"

बाईंनी हेल्मेट काढलं, चपटे झालेले केस सारखे केले आणि मान ताठ करून सांगितलं, "मी हिचं इंटरनेट."