दामूकाकांचे पाच व्होल्ट

दामूकाका कुणालाही "कसे आहात?" असं विचारत नाहीत. "पाच हायत का?" असं विचारतात. ट्रकच्या इंजिनातल्या सेन्सरांना पाच व्होल्ट वीज लागते आणि काकांच्या मते माणसाचंही तेवढ्यात भागतं. एका लग्नात नवऱ्या मुलाकडे रोखून बघत ते मोठ्यांदा म्हणाले, "याला साडेतीनच येतात. हलदीतच वायर घासली वाटतं." मुलाकडच्यांनी त्यांना परत बोलावलेलं नाही.

नायगावजवळ हायवेला आमचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे. काका तिथे ट्रकची वायरिंग बघतात. मी खुर्चीवर बसतो, म्हणून माझं नाव 'ऑफिस'. "ए ऑफिस, चहा सांग!" माणसांना ते सरसकट अरे-तुरे करतात. सेन्सरांना मात्र बायका समजून अहो-जाहो.

परवा पवार नावाच्या ड्रायव्हरचा मासळीचा ट्रक आमच्या दारात येऊन अडला. इंजिन रेस घेईना. मागून बर्फाचं पाणी ठिबकत होतं आणि हायवेवरची झाडून सगळी मांजरं गोळा झाली होती. स्कॅनर तीन सेन्सर खराब दाखवत होता. वाटेत एका गॅरेजवाल्याने त्यातले दोन बदललेही होते.

"आता तिसरा बदला काका," पवार रडकुंडीला आला होता. "माल खराब झाला तर शेठ मला पुन्हा गाडीवर बसवणार नाही."

काका भडकले. "चाळीत तीन घरांचे नळ एकदम सुकले, तर तू तीन नळ बदलशील का टाकी बघशील? तिघींना वीज एकाच वायरीतून येते रे!"

त्यांनी मीटर लावला. पाच सोडाच, एकसुद्धा व्होल्ट येत नव्हता. मग त्यांनी एका सेन्सरचं कनेक्शन काढलं; तोच वीज खात असेल, तर मीटर वर चढायला हवा. मीटर ढिम्म. "माफ करा हां बाई, उगाच संशय घेतला." दुसरं काढलं. "तुम्हीपन नाय? बरं." तिसरं काढलं, तरी मीटर जागचा हलला नाही.

"म्हंजे बायका सगल्या चांगल्या घरच्या," काका म्हणाले आणि गाडीखाली शिरले. वायरीवरून बोटं फिरवत फिरवत ते इंजिनामागच्या एका लोखंडी ब्रॅकेटपाशी थांबले. तिथे वायर घासून सोलवटली होती. उघडी तार लोखंडाला टेकली होती आणि सगळी वीज तिथेच पळून जात होती. काकांनी वायर जराशी उचलली.

"ऑफिस, मीटर वाच!"

"पाच!" मी एवढ्या जोरात ओरडलो की मांजरं पांगली.

टेप गुंडाळून, वायर लोखंडापासून लांब बांधून, कनेक्शनं जोडून काकांनी गाडी चालू करायला लावली. इंजिनाने झकास रेस घेतली. पवार पाया पडायला वाकला. "पाया नको पडू, पल! तुझ्या माशांचा वास येतो."

काकांची मोटारसायकल बंद होती, म्हणून संध्याकाळी मी त्यांना स्कूटरवर जूचंद्रला घरी सोडलं. "चा घेऊन जा," म्हणाले. त्यांच्या घरी मी पहिल्यांदाच जात होतो.

काकी खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. अर्धांगाच्या झटक्यापासून त्यांना बोलता येत नाही, हे मला तिथे गेल्यावर कळलं. काकांनी हातपाय धुतले, तीन चमचे आणले आणि काकींच्या मांडीवर ओळीने मांडले. चमच्यांमधून वायरीसारखा एक दोरा सोडला. दोऱ्याचं टोक चादरीच्या घडीखाली सरकवलं.

"तीन जनी रुसल्यात. गाडी चालंना. सांग, चोर कोन?"

काकींचा डावा हात हळूहळू निघाला. पहिल्या चमच्याला लागला, थबकला. दुसऱ्यावरून पुढे गेला. काका श्वास रोखून बघत होते, जणू उत्तर त्यांनाही ठाऊक नव्हतं. मग बोटं दोऱ्यावरून सरकत घडीखाली गेली.

"आयला!" काका टाळी वाजवून ओरडले. "मी तीन सेन्सर काढत बसलो रे ऑफिस, आनि हिने कसं गाठलं बघ!"

काकींच्या चेहऱ्याची एकच बाजू हसली, पण खूप हसली.

चहा राहूनच गेला. काका दोरा गोळा करत म्हणाले, "चल, तोंड फिरव तिकडं. आता दुसरीकडं लपवतो."

काकींनी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि डोळे घट्ट मिटून घेतले.