कोकरे सर आणि पांढरी तुळस

कोकरे सरांच्या घरी जायचं म्हणजे आधी फाटकात झडती द्यावी लागे. चहाला बोलावलेला माणूस असो की विजेचं मीटर बघायला आलेला, सर त्याला पायरीवर उभा करत, स्वतः खाली उकिडवे बसत आणि त्याच्या पँटचा नाहीतर धोतराचा काठ हातात धरून निरखत. एखादं कुसळ, एखादी चिकटलेली बी दिसली की चिमट्यानं उचलत आणि त्या बीलाच विचारत, "काय पाव्हणं, कुठलं?"

मीटरवाल्याला वाटलं आपल्यालाच विचारतायत. तो अदबीनं म्हणाला, "मी कन्हेरीचा." सर म्हणाले, "तुम्ही असाल. हे कन्हेरीचं नाही, हे कालव्याच्या कडेचं. कामाच्या वेळेत कालव्यावर कशाला गेला होता?" तो कशाला गेला होता ते त्याचं तो जाणे, पण त्या दिवसापासून आमच्या गल्लीचं मीटर तो रस्त्यावर उभं राहून अंदाजानंच लिहायला लागला.

सर बारामतीत कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. मूळचे कळंबचे. आजोबांनी मेंढरं राखली, वडिलांनी ऊस लावला आणि हे शिकून प्राध्यापक झाले. त्यांच्या नि आमच्या घराची भिंत एक, आणि मागच्या अंगणात दोन्ही घरांत मिळून धुण्याचा दगडही एकच. मी घरात शिवणक्लास चालवायची. दिवसभर बायकांची ये-जा. त्यामुळं सरांच्या लेखी मी म्हणजे शत्रूला वाट दाखवणारी बाई. "वहिनी, तुमच्या गिऱ्हाइकांच्या पदराला धरून अर्धा तालुका माझ्या अंगणात उतरतो," असं ते मला तोंडावर म्हणत. मी पण म्हणायची, मग घाला की पुढच्या अंगणाला कुंपण. त्यांनी घातलं.

"तण चालत येत नाही, आणणारा असतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गाजर गवतापुरतं असतं तर चाललं असतं. पण दूध पातळ आलं, पेपर उशिरा पडला, विभागप्रमुख जरा जास्त हसले, तरी सरांचा एकच प्रश्न. यामागं कोण आहे? आमटीत मीठ जास्त झालं तर ते बायकोला विचारत, आज कोण गप्पा मारायला आलं होतं. आणि खरंच कोणीतरी आलेलं असे. बहुतेक वेळा मीच.

अशा माणसापासून आम्ही बायकांनी एक गोष्ट लपवली होती.

सरांचा मुलगा बाळू. एकुलता एक. सरांना त्याला आपल्यासारखा प्राध्यापक करायचा होता. पोरानं दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं आणि मित्रांबरोबर जाऊन फौजेत भरती झाला. सरांनी आधी कोणी फूस लावली ते शोधलं. कोणी सापडेना, तेव्हा घरात सांगितलं की त्याचं नाव काढायचं नाही. बाळू त्याच्या आप्पांच्या, म्हणजे बापाच्याच वळणाचा. त्यानंही घरात पाऊल टाकायचं बंद केलं. सुमनताईंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, दोन वर्षं लेकाचं तोंड पाहिलं नव्हतं.

मग एकदा सर मुलांची सहल घेऊन महाबळेश्वरला गेले आणि नेमका बाळू सुट्टीवर आला. काश्मीरहून. आईला निरोप आमच्याच फोनवर आला होता, म्हणून मला माहीत. पोरगं रापलं होतं, गालफडं बसली होती. धुण्याच्या दगडावर बसून त्यानं फौजेतले ते हिरवट, जाड लोकरीचे मोजे काढले आणि त्यांना चिकटलेलं काय काय सोडवत बसला. सुमनताईंनी त्याचे कपडे धुतले, मी ते आमच्या दोरीवर वाळत घातले. सर यायच्या आधी तो गेलाही. सरांना कळलं तर हे चोरून येणंसुद्धा बंद होईल, या धास्तीनं सुमनताईंनी मला नि माझ्या सासूबाईंना देवाची शपथ घातली.

सर आले, चपला काढायच्या आधी म्हणाले, "घरात कोण येऊन गेलं?" सुमनताई म्हणाल्या, "कोण येतंय मेलं आपल्याकडं."

निभावलं असं वाटलं. पण पुढच्या वर्षी दगडाच्या कडेला एक रोप वर आलं. चौकोनी दांडा, सुरकुतलेली पानं आणि सगळ्या अंगावर पांढरी लव. माझ्या सासूबाईंनी त्याला बघितलं आणि हात जोडले. "पांढरी तुळस हाय गं. आपसूक आलीया, भाग्य लागतं," असं म्हणून त्यांनी चार विटा लावल्या, रोज तांब्याभर पाणी नि हळदीकुंकू सुरू केलं. उन्हाळ्यात वर पत्र्याची सावली केली. बायकांच्या धुण्याच्या जागेकडं पुरुषमाणूस फिरकत नाही, म्हणून ते रोप वर्षभर जगलं आणि सासूबाईंच्या कृपेनं झुडूप झालं. पेरापेराशी पांढऱ्या फुलांचे गोल गेंद लागले.

एका रविवारी सरांचा टॉवेल उडून तिकडं पडला आणि संपलंच. सर टॉवेल विसरून तासभर झुडपापुढं बसले. एक पान खाल्लं, मला खायला लावलं. इतकं कडू की रात्रीच्या जेवणाची चव गेली. हे या मुलखातलं नव्हेच, म्हणाले आणि सुरू झाली चौकशी. विभागातल्या कुणीतरी आपली फजिती करायला लावलं असणार, हा पहिला संशय. दुसरा माझ्या शिवणक्लासवर. तिसरा मेंढरांवर. लासुर्ण्याच्या बाजूला कुणाच्या शेतात कळप बसला की सर सायकल काढून जात आणि मेंढरांच्या लोकरीत बोटं घालून बिया शोधत. मेंढक्यांना वाटलं हा लोकर चोरतोय. एकदा त्यांनी कुत्री सोडली. सर परत आले ते पँटची एक नळी गमावून, आणि उरलेल्या नळीची स्वतःच झडती घेत बसले.

सुमनताईंची झोप उडाली होती. त्या मला म्हणाल्या, उपटून टाकू का रात्रीतून? मी म्हटलं, उपटलं तर ते उपटणारा शोधतील. शिवाय सासूबाईंना काय सांगायचं?

शेवटी एका दुपारी सर झुडपाची वाळकी फांदी घेऊन मागच्या अंगणात आले. आम्ही दोघी धुणं धूत होतो.

"कुळ तुळशीचंच," ते म्हणाले, "पण ही तुळस नाही. युनानी हकीम याला फरासियून म्हणतात, खोकल्यावर देतात. मूळ गाव भूमध्य समुद्राकडं. इराण, तुर्कस्तान, युरोप, जिथं मेंढरं तिथं हे. लोकरीत बसून पार ऑस्ट्रेलियाला गेलं." मग वाळलेलं फूल त्यांनी माझ्यासमोर धरलं. भोवती बारीक दात, एकेक आकडीसारखा वळलेला. "हे वाऱ्यावर उडत नाही, वहिनी. याला धरायला लोकर लागते. आणि आपल्या देशात हे काश्मीरकडं होतं."

सुमनताईंच्या हातातली साडी पाण्यात सुटली. मी घाईघाईनं म्हटलं, "तो हिवाळ्यात शालवाला येतो की काश्मिरी! गठुडं घेऊन बसतो दारोदार."

"शालवाला धुण्याच्या दगडावर बसून मोजे काढत नाही," सर म्हणाले. त्यांच्या चिमट्यात दगडाच्या फटीतून काढलेला हिरवट लोकरीचा धागा होता.

मग सर दगडावर बसले. कॉलेजात त्यांची भाषा पुस्तकी असे. त्या दिवशी ती एकदम कळंबची झाली. "कवा आलता?"

"तुमी सहलीला गेलता तवा," सुमनताई म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून रडायलाच लागल्या. आता आभाळ फाटणार म्हणून मी अंग चोरून उभी राहिले.

सर धागा बोटाभोवती गुंडाळत होते. "म्हंजे झाडीतनं पायी चालवत्यात त्येला. थंडीचं," ते म्हणाले. मग विचारलं, "जेवला का नीट?"

मी सांगितलं, जेवला, भाकरी नि खर्डा मागून घेतला. सर मान हलवत राहिले. मग दगडाकडं बघतच त्यांनी विचारलं, "माजं काय इचारलं का?"

बाळूनं एका शब्दानं विचारलं नव्हतं. बापाच्या खुर्चीकडं पाठ करून जेवला होता. सुमनताई माझ्याकडं बघत होत्या. मला दुसरं काही सुचेना, हकिमाचं तेवढं डोक्यात राहिलं होतं.

"विचारलं की," मी म्हटलं. "आप्पांचा खोकला कसा आहे म्हणाला."

सरांना उभ्या जन्मात खोकला नव्हता. ते माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांनी हळूच घसा खाकरला.

"आता बरा हाय म्हनावं," ते म्हणाले. "अजून काय म्हनला?"